हिंमतरावांनी थांबवलेली अक्षरं

कर्वेनगरातल्या चांदणी फोटो स्टुडिओचे हिंमतराव गावंडे दोन प्रकारचं मराठी बोलतात. एक कॅमेऱ्यासमोर बसलेल्या माणसाशी आणि दुसरं कॅमेऱ्याशी.

गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की पहिलं सुरू होतं. "आपण जरा हनुवटी खाली घ्या. अहो, एवढी नाही. खांदे सैल. डोळे मोठे करा... पासपोर्ट काढायचाय, भूत नाही बघायचं." शेवटचं वाक्य त्यांना पुण्याने बावीस वर्षांत शिकवलं. पण मधेच रोल अडकला, की कॅमेऱ्यावर वाकून दुसरं मराठी सुरू: "आता याले काय झालं बाप्पा! काहून फिरून नाही राह्यलं?" हे वाचताना 'बाप्पा'वर थोडं रेंगाळायचं आणि 'राह्यलं' नाकातून सोडायचं. नीट जमलं तर हिंमतरावांच्या मिसेस, वेणूकाकू, आतून ओरडतात, "आली, आली, चहा ठेवलाच हाय!" मी तीन वेळा करून पाहिलंय.

हिंमतराव मूळचे अकोटच्या बाजूचे. अठ्ठ्याहत्तर साली चुलत भावाकडे आले ते पिंपरीच्या कारखान्यात चिकटायला. फॉर्मला फोटो हवा म्हणून नारायण पेठेतल्या एका स्टुडिओत शिरले. मालकांचा डार्करूममधला माणूस त्याच दिवशी सोडून गेला होता. मालकांनी ह्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "अंधाराची भीती वाटते का हो?"

"आमच्या गावाले दिवेच नव्हते," हिंमतराव म्हणाले.

झालं. फोटो निघाला, धुतला गेला, तो ह्यांनीच धुतला, आणि फॉर्म भरायचा राहून गेला. नऊ वर्षं त्या लाल दिव्याखाली काढल्यावर त्यांनी कर्वेनगरात स्वतःचा गाळा घेतला. मागची मोरी त्यांची डार्करूम. वेणूकाकूंनी त्या मोरीत आजवर एक भांडं घासलेलं नाही, आणि ही गोष्ट त्या प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगतात.

सुरुवातीला हिंमतरावांचा हात रिटचिंगवर फार चालायचा. एका केसाचा ब्रश घेऊन ते देवीचे व्रण बुजवायचे, टक्कल भरायचे, जावयाच्या नाकाला वळण लावायचे. मग एकदा त्यांनी लग्नाच्या मुलीच्या फोटोतून तिच्या गालावरचा चामखीळ काढून टाकला. मुलाकडचे पाहायला आले, पोहे खाल्ले, आणि निघताना मुलाच्या आईने हळूच विचारलं, "धाकटी पाहिली, छान आहे. आता फोटोतली बोलवा ना." मुलगी एकुलती एक होती. तिचा बाप स्टुडिओत येऊन जे बोलला त्याची नक्कल हिंमतराव स्वतः करतात, पण लिहिण्यासारखी नाही. त्या दिवसापासून ब्रश कपाटात.

आता माझ्या ताईकडे येते. सन दोन हजारचा एप्रिल. ताई, म्हणजे शर्मिला, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. तिचा आणि तिच्या पार्टनरचा, शंभूचा, प्रोजेक्ट होता चालत्या अक्षरांचा बोर्ड. लाल एलईडींच्या आठ आडव्या रांगा, त्यावर उजवीकडून डावीकडे 'वेलकम' सरकत जातं, बँकेत असतं तसं. बोर्ड चालत होता. ब्याण्णव पानांचा रिपोर्टही टाइप झाला होता. त्यातलं सहावं प्रकरण, 'आलेल्या अडचणी व उपाय', मागच्या वर्षीच्या सीनिअर्सचं जसंच्या तसं उतरवलं होतं, कारण सगळेच तसं करतात. राहिला होता फक्त चालू बोर्डचा फोटो.

तेवढ्याशा फोटोवर सगळं अडलं होतं. फोटोशिवाय गाईड मॅडम सही करणार नाहीत. सहीशिवाय तोंडी परीक्षा नाही, परीक्षेशिवाय डिग्री नाही. आणि जुलैत ताईला एका सॉफ्टवेअर कंपनीत रुजू व्हायचं होतं. नोकरीचं पत्र आईने लॅमिनेट करून आणलं होतं. रिपोर्ट द्यायची शेवटची वेळ शुक्रवारी संध्याकाळी पाच.

गुरुवारी हिंमतरावांनी रीतसर फ्लॅश मारून फोटो काढून दिला. शुक्रवारी सकाळी गाईड साने मॅडमनी तो दोन बोटांत धरला. आता साने मॅडमचा आवाज: थंड, एका पट्टीतला, आणि प्रत्येक शब्दाआधी जणू चष्मा पुसलेला.

"काय आहे हे?"

"मॅडम, वेलकम," ताई म्हणाली.

"कुठे? मला एक बंद पडलेला बोर्ड दिसतोय. श्रद्धांजलीसाठी काढलाय का? मग हारही घालायचा."

खरंच, फ्लॅशच्या उजेडात एलईडींचा उजेड मेला होता. साडेअकराला ताई आणि शंभू बोर्ड उचलून धावत स्टुडिओत, मागे मी. माझी दहावी संपली होती आणि घरात मला कोणी ऐकायला नव्हतं.

हिंमतरावांनी फोटो पाहिला, बोर्ड पाहिला. "म्हणजे याच्या तोंडावर उजेड नाही टाकायचा. हा स्वतःच दिवा हाय." कॅमेरा तिपाईवर बसला, दार लागलं, पंखा बंद झाला. कॅमेऱ्याची झडप किती वेळ उघडी ठेवायची ते बदलत बदलत त्यांनी सात-आठ फोटो काढले आणि मोरीत गेले. वीस मिनिटांनी निगेटिव्हची ओली पट्टी चिमट्याला लटकली. कृष्णधवल, कारण रंगीत फोटो डेक्कनच्या लॅबमधून दुसऱ्या दिवशी यायचा.

निगेटिव्हवर उजेड काळा दिसतो; तो सुलटा करून वाचला, तर पहिल्या काही फोटोंत नुसत्या एक-दोन रांगा पेटलेल्या, बाकी काळोख. शेवटच्या फोटोंत उजेडाचा सरसकट पट्टा, जणू कोणी चुना फासलाय.

"बोर्ड बिघडला!" शंभू मटकन स्टुलावर बसला.

ताईने पट्टी डोळ्यांसमोर धरली. "नाही रे. आपण आठ रांगा एकदम पेटवतच नाही ना. एकामागून एक पेटवतो. भराभर होतं म्हणून डोळ्याला सगळ्या दिसतात. कॅमेरा झटकन मिटला की त्याला एखादीच दिसणार."

"अन् जास्त वेळ उघडा ठेवला तर अक्षरं चालून जातात," हिंमतराव म्हणाले. मग बोर्डकडे वळून, लहान मुलाला दटावावं तसं: "काहून पळून राह्यले रे तुम्ही? फोटो काढू द्या ना बाप्पा!" आणि शंभूला, "गड्या, यांना उभं करता येते काय?"

"प्रोग्राम बदलावा लागेल, काका. चिप काढून कॉलेजात न्यावी लागेल."

"मंग बसला काहून?"

शंभू लूनावर गेला. प्रोग्राममधली सरकवायची ओळ खोडून, चिप काडेपेटीत घालून दीड वाजता परत आला. वेलकम जागच्या जागी उभं राहिलं. हिंमतरावांनी झडप पाव सेकंद उघडी ठेवली, मोरीत गेले, आणि यावेळी नुसती पट्टी नाही तर मोठा फोटोच करून आणला. सगळ्या रांगा पेटलेल्या, अक्षरं कोरीव. शंभूने माझ्याशी हात मिळवला. माझा काही संबंध नव्हता.

हिंमतराव मात्र भिंग लावून बसले होते. "हे तिसऱ्या अक्षराच्या पोटात भोक काहून हाय?"

आम्ही चौघं बोर्डवर वाकलो. एक एलईडी मेला होता. अक्षरं सरकत होती तोवर ते भोक दोन महिन्यांत कोणालाच दिसलं नव्हतं, कारण एका जागी कोणी थांबतच नव्हतं.

पावणेतीन. शंभू म्हणाला, "काका, एक पांढरा ठिपका. फक्त एक. तुमचा हात एवढा चांगला आहे असं ऐकलंय."

"कोणाकडून?"

शंभूने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

"मी ठिपके नाही देत आता," हिंमतराव म्हणाले. "बोर्ड दुरुस्त करा. मी फोटो काढून देतो. दहा वेळा देतो."

"पाच वाजता दार बंद होतं, काका! ह्या एका ठिपक्यासाठी हिची नोकरी जाईल."

मग तो ताईकडे वळला. हिंमतरावही वळले. ताईच्या एका हातात फोटो होता, दुसऱ्या हाताच्या नखाने ती मेलेला एलईडी टोकत होती. मला वाटलं, ही आता रडणार, आणि तो आवाजही मला येतो. पण ती म्हणाली, "परीक्षेला बोर्ड समोर ठेवायचाय, शंभू. फोटोत पेटलेला आणि बोर्डवर मेलेला, हे साने मॅडमना दिसायला किती वेळ लागेल?"

"एक सेकंद," शंभू कबूल झाला. "पाऊणच."

त्याने बॅगेतून सोल्डरिंग गन आणि एक सुटा एलईडी काढला. मेलेला एलईडी दोन्ही पायांनी घट्ट चिकटलेला, शेजाऱ्यांना धक्का न लावता निघेना. शंभूची गन दोनदा शेजारच्या एलईडीला लागता लागता राहिली. तेव्हा हिंमतराव म्हणाले, "सरका," आणि कपाट उघडून निगेटिव्ह धरायचा बारीक चिमटा आणला. सोल्डरचा डाग शंभूने तापवून सैल केला, एलईडी हिंमतरावांनी उपटला. पोरीच्या पायातला काटा काढावा इतक्या अलगद. नवा बसवेपर्यंत साडेतीन वाजले. पुन्हा झडप, पुन्हा मोरी. फोटो वाळायला वेळ नव्हता म्हणून वेणूकाकूंनी तो टॉवेलमध्ये दाबला आणि इस्त्रीच्या गरम कपड्यांत ठेवला. "या घरात इस्त्रीसुद्धा फोटोचीच होते," त्या म्हणाल्या.

पुढचं ताईने सांगितलं. आवाज मी भरलेत.

पाचला दहा कमी. साने मॅडम खुर्ची मागे सारून उठतच होत्या. त्यांनी फोटो घेतला.

"एलईडी लाल आहेत ना? मग फोटो काळा-पांढरा का? आपल्याकडे रंगाचा शोध लागलाय."

"वेळ नव्हता, मॅडम."

मॅडमनी फोटो जवळ नेला. "हा एक ठिपका जास्त उजळ का आहे?"

शंभूचा चेहरा पडला. नवा एलईडी दुसऱ्या पाकिटातला होता, बाकीच्यांपेक्षा झगझगीत. फोटोत एकटाच उठून दिसत होता. मॅडमना वाटणार, रंग लावलाय.

ताईने सगळं सांगितलं. रांगा, चुना, काडेपेटी, भोक. मॅडमनी मधे एकही प्रश्न विचारला नाही, आणि साने मॅडमच्या बाबतीत हे अशुभ मानतात. मग त्यांनी रिपोर्ट उघडला, थेट सहावं प्रकरण.

"हे मी मागच्या वर्षी वाचलं. त्याच्या आदल्या वर्षीही वाचलं. दर वर्षी पॉवर सप्लायचीच अडचण. चार वर्षं कोणाला नवी अडचण म्हणून आली नाही." त्यांनी ती चार पानं रिपोर्टमधून काढून ताईच्या हातात दिली. "आत्ता सांगितलंत ते ह्या जागी लिहा. रिपोर्ट वेळेत आला अशी नोंद करते. सही सोमवारी, वाचून."

शनिवारी ताई वही घेऊन स्टुडिओत. झडप किती वेळ, भिंग कितीचं, पट्टी किती मिनिटं धुतली, सगळं विचारून घेतलं. हिंमतराव सांगत होते आणि दर वाक्यामागे विचारत होते, "हे इंग्रजीत शोभते ना?" एका जागी ताईने अर्धा सेकंद लिहिलं, तर खोडायला लावलं. पाव म्हणजे पाव.

सोमवारी मॅडमनी चार पानं उभ्यानेच वाचली. तिसऱ्या पानावर थांबल्या.

"हे मिस्टर गावंडे कोणत्या कॉलेजचे?"

"कॉलेजचे नाहीत, मॅडम," शंभू म्हणाला. "ते फोटोग्राफर आहेत."

"म्हणून पॉवर सप्लायच्या अडचणीतून वाचले," मॅडम म्हणाल्या, आणि सही केली.