काचेतली मुलगी

गुरगावच्या ऑफिसात आठवडाभर स्क्रीनपुढे बसून झालं की रविवारी सकाळी मी कॅमेरा घेऊन बाहेर पडते. कुणाला उभं न करता, हसायला न सांगता काढलेले फोटो मला आवडतात, आणि त्यातही दुकानांच्या काचेत पडलेली प्रतिबिंबं. नवरा विचारतो, "समोरचं सोडून काचेत काय बघतेस?" काचेकडे तोंड करून उभ्या असलेल्या बाईवर कुणी संशय घेत नाही, हे खरं उत्तर. ते मी त्याला कधी दिलं नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात मी दिल्लीतल्या मुनिरक्यात गेले होते. भाड्याच्या खोल्यांची ती दाटी, दोन्ही बाजूंच्या बाल्कन्या एकमेकींना टेकतील इतक्या जवळ. एका बेकरीच्या काचेत टोस्टच्या थाळ्यांवर समोरची अख्खी इमारत उतरली होती. तो फोटो काढला, घरी येऊन माझ्या फोटोंच्या पेजवर टाकला आणि खाली लिहिलं, 'मुनिरका, रविवार सकाळ'.

मंगळवारी एका अनोळखी माणसाचा हिंदीतून मेसेज आला. फोटोतली पिवळ्या ओढणीवाली मुलगी माझी बहीण आहे, नऊ महिने तिचा पत्ता नाही, ही गल्ली नेमकी कुठली ते सांगा.

कुठली मुलगी? मी फोटो मोठा करून पाहिला. दोन थाळ्यांच्या मधोमध, समोरच्या दारात एक मुलगी ओले केस पुसत उभी होती. चेहरा अगदी स्पष्ट. फोटो काढताना मला ती दिसलीच नव्हती. मला एकदम भरून आलं. माझ्यामुळे कुणाची तरी हरवलेली बहीण सापडत होती! मी लगेच गल्लीची खूण, बेकरी, समोरचं दार, सगळं कळवलं.

रात्री जेवताना मोठ्या कौतुकाने नवऱ्याला सांगितलं. त्याचा हात ताटातच थांबला.

"भाऊच आहे हे तुला कसं कळलं?"

"त्याने लिहिलंय ना."

"आणि भाऊ असला, तरी ती त्याच्यापासूनच लपलेली नसेल कशावरून?"

मी ताट बाजूला सारलं. घरातून पळालेल्या मुलींचं काय होतं त्या बातम्या मी वाचत नव्हते असं थोडंच होतं? पेजवरून फोटो काढून टाकला, मी पाठवलेला मेसेजही पुसला. पण त्याने तो वाचल्याची खूण मी आधीच पाहिली होती.

सकाळी ऑफिसला न जाता मुनिरक्यात गेले. त्या दाराला कुलूप होतं. वरच्या मजल्यावरून घरमालकीण खाली आली.

"वो तो कल रात भाई के साथ चली गई," ती म्हणाली.

"अपनी मर्ज़ी से गई?"

"अब ये मैं क्या जानूँ जी? सीढ़ियों पर बैठकर दोनों रो रहे थे. फिर एक बैग लेकर निकल गए."

तिच्याकडे मुलीचा फोन नंबर होता, पण तो बंद. पोलिसांकडे जावं, तर काय सांगायचं? मला मुलीचं नावसुद्धा माहीत नव्हतं. घरमालकिणीने आडनावाशिवाय एक नाव सांगितलं, तेवढंच. माझा नंबर तिला देऊन, ती परतली तर मला कळवा असं हात जोडून सांगून मी निघाले. पुढचे तीन दिवस डोकं कामात नव्हतं. मीटिंगमध्ये कुणी काही विचारलं की "सॉरी, परत सांगाल?" एवढंच तोंडातून निघायचं. कॅमेरा मी कपाटात कपड्यांच्या मागे ठेवून दिला.

शनिवारी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मैम, फोटो आपने लिया था?"

मी उभी होते ती पलंगावर बसले. "तुम ठीक हो?" एवढंच विचारता आलं.

ती ठीक होती. पुढे शिकण्यावरून वडिलांशी कडाक्याचं भांडण करून ती दिल्लीला आली होती, नंबर बदलून राहिली होती. भीती वडिलांची होती, भावाची नव्हती. पण त्याला फोन केला तर वडिलांना कळेल म्हणून तिने तोही केला नव्हता. दरम्यान आईचं ऑपरेशन झालं, आणि तिला ते सांगायला भावाकडे काही मार्गच नव्हता. ती आईला भेटून, तीन रात्री तिच्याजवळ राहून त्याच दिवशी सकाळी खोलीवर परत आली होती. भाऊच सोडून गेला होता. वडील बोलले नाहीत, पण त्यांनी अडवलंही नाही.

"मम्मी अब बैठकर खाना खा लेती हैं," ती म्हणाली. मग, "लेकिन मैम, पहले मुझसे पूछ तो लेतीं. भाई की जगह पापा होते तो?"

"गलती हुई मुझसे," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? तिने चिडून फोन ठेवला असता तरी मला चाललं असतं, इतका जीव हलका झाला होता. ती चिडली नाही. उलट, तो फोटो आईला दाखवायला हवा म्हणाली, आणि "पर कहीं डालिएगा मत" असं दोनदा बजावलं.

बाहेर येऊन मी नवऱ्याला सांगितलं, "सुखरूप आहे ती." तो माझ्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. मला त्या आठवड्यात पहिल्यांदाच कडकडून भूक लागली होती. दोघांनी मिळून सकाळचा उरलेला भात फोडणीला टाकला आणि ओट्यापाशी उभ्यानेच संपवला.