एका मार्करची चार भविष्यं

मागच्या वर्षी लातूरच्या आमच्या कॉलेजात कार्यशाळा झाली. लहानमोठ्या शेजारी देशांच्या आर्थिक सहकार्याचं वीस वर्षांनी काय होईल, याची चार चित्रं मांडायची होती. दिल्लीहून आलेल्या तज्ज्ञांनी आम्हा प्राध्यापकांचेच देश केले. आव असा, की संध्याकाळी करारच व्हायचाय. पंख्याखालचं प्राचार्यांचं टेबल सगळ्यात मोठा देश. दाराजवळचे आम्ही सगळ्यात लहान. मार्कर एकच, तो अर्थातच मोठ्या देशाकडे.

मी मार्कर मागायला गेलो तर प्राचार्य म्हणाले, "तुम्ही नुसतं सांगा, आम्ही लिहून घेतो." मी सांगितलं, आमच्या नदीचं पाणी आधी आम्हाला. त्यांनी लिहिलं, 'लहान देश पाणी द्यायला तयार.'

आमच्याच टेबलावरचे निलंग्याचे सर ते वाचून पुटपुटले, "आपण कवा तयार झालो?"

शेवटी चारही चित्रांचे कागद भिंतीवर लागले. तज्ज्ञ गदगदून म्हणाले, "बघा, किती वेगवेगळी भविष्यं!" आम्ही टाळ्या वाजवल्या, तेवढं एक काम लहान देशांना दिलेलं होतं.

निलंग्याचे सर मात्र चष्मा पुसून भिंतीकडे बघत राहिले आणि मोठ्यांदा म्हणाले, "पण सर, अक्षर तर एकाचंच हाय!"