एक ओळ आणि तीन हजार स्थळं

किस्से आमच्या मंडळातल्या फायलींसारखेच असतात. एक होता होता ढीग होतो, जुना कुणी टाकत नाही, आणि प्रत्येकाला वाटतं की फायनल तो आपल्याकडचाच!

मंडळ म्हणजे हुबळी-धारवाडच्या मराठी कुटुंबांचं वधूवर मंडळ. लॅमिंग्टन रोडच्या मागच्या गल्लीत, औषधाच्या दुकानावरची एक खोली. गुवाहाटीला शिकून मी परत आले ते ठरवूनच, की शिकलेलं आपल्या माणसांसाठी वापरायचं. पोटापाण्याचं काम घरून चालतं, उरलेला वेळ समाजाला. समाजानं तो वेळ या खोलीत कोंबला.

खोलीत तीन माणसं. सेक्रेटरी सदाअण्णा, सरकारी नोकरीतून रिटायर झालेले. ठराव झाल्याशिवाय पंखासुद्धा लावायचे नाहीत. खजिनदार बंडूअप्पा, अमरगोळच्या यार्डात शेंगांचे अडते. आणि कॉम्प्युटर चालवणाऱ्या रत्नाक्का.

चौथी श्रुती. अण्णांची मुलगी, माझी शाळेपासूनची मैत्रीण. ती मातीवर संशोधन करते, कलघटगीकडच्या शेतांतून नमुने आणते. पुढच्या कामासाठी तिला गुवाहाटीकडेच तीन वर्षांची जागा मिळाली होती. अण्णांचं म्हणणं, आधी लग्न, मग माती. यंदाच्या मेळाव्यात स्थळ जमलं की जागा गेली. आणि ते जमावंच म्हणून अण्णांनी तिच्या बायोडेटाच्या नावापुढं स्वतः '००१' घातलं होतं. यादी कशीही लावा, पहिली श्रुती!

* * *

पहिल्या दिवशी मी गेले तेव्हा रत्नाक्का एक बायोडेटा उघडत होत्या, त्याचा पीडीएफ करत होत्या, बंद करत होत्या आणि पुढचा उघडत होत्या. फायली तीनेक हजार. मनगटाला हळदीचा लेप.

"अक्का, हे माणसानं करायचं कामच नाही!" मी जवळजवळ ओरडलेच. लॅपटॉप लावला, टर्मिनलच्या काळ्या खिडकीत एक ओळ लिहिली. अर्थ एवढाच, की या फोल्डरमधले सगळे बायोडेटा शोध आणि प्रत्येकाचा पीडीएफ कर. एंटर दाबलं आणि दोघी जेवायला बसलो. डबा धुऊन आलो तोवर काम संपलेलं.

"आयतु? झालं?" रत्नाक्कांचा विश्वास बसेना.

"आयतु! सगळं झालं!"

तेवढ्यात अण्णा आले. "झालं म्हणजे? बघितल्या कुणी?"

"बघायच्या कशाला, अण्णा? ओळ एकदा बरोबर असली की सगळ्या फायली बरोबर."

"न बघता स्थळ पाठवायचं?"

बंडूअप्पा माझ्या मदतीला धावले. "मूठभर काढून बघा की, अण्णा. यार्डात आम्ही मूठभर बघून अख्खी गाडी घेतो."

"बंडू, मुली आहेत त्या. शेंगा नव्हेत."

आणि अण्णांनी सगळे पीडीएफ एकेक करून उघडून बघायला रत्नाक्कांना बसवलं!

* * *

टर्मिनल अण्णांच्या मनातून उतरला तो वेगळ्याच कारणानं. "मंगलकार्याचं काम, आणि काळ्यावर पांढरी अक्षरं? निधनवार्ता वाटते ग."

मी त्यांना समजावलं. रंगाचा आणि कामाचा संबंध नसतो, आता तरी आपण अशा समजुती सोडायला हव्यात, वगैरे. चांगलं भाषण झालं. अण्णांनी ते शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "संबंध नसतो ना? मग बदलायला तुझं काय जातं?"

आता माझा टर्मिनल हळदीसारखा पिवळा आहे आणि अक्षरं कुंकवासारखी लाल. डोळे चुरचुरतात. परवा कंपनीच्या मीटिंगमध्ये स्क्रीन शेअर केला तर मॅनेजर म्हणाला, "मुक्ता, काँग्रॅच्युलेशन्स! कधी आहे लग्न?"

* * *

दुसऱ्या खेपेला मी ओळ सुधारली आणि जेवणाइतका वेळ खाणारं काम चहाएवढ्या वेळात झालं. बंडूअप्पांना वेगाचं फार कौतुक. "काय केलंस ते सांग."

असा प्रश्न कुणी विचारला की मला राहवत नाही. फळ्यावर चित्रच काढलं. "अप्पा, परवा मी प्रत्येक फाईलसाठी प्रोग्रॅम नव्यानं सुरू करत होते. म्हणजे धारवाडहून एकेका प्रवाशाला वेगळी बस. सगळ्यांना एकाच बसमध्ये कोंबलं तर कॉम्प्युटर म्हणतो, यादी फार लांब आहे, बस सुटणार नाही. म्हणून ही एक्सआर्ग्ज नावाची कमांड. ही कंडक्टर. मावतील तेवढे प्रवासी घेते, बस सोडते, मग दुसरी भरते."

"म्हणजे भरल्याशिवाय हलायचं नाही, आणि भरली की थांबायचं नाही."

"अगदी बरोबर!"

"हा तर कलघटगीचा टेम्पो की ग!" बंडूअप्पांनी खडूकडे आणि माझ्याकडे आळीपाळीनं बघितलं. "आणि याच्यासाठी तुला गुवाहाटीपर्यंत धाडली होती?"

* * *

त्या कंडक्टरनंच मला तोंडघशी पाडलं.

आमच्याकडे फाईलचं नाव म्हणजे अर्धी लग्नपत्रिका असते. '००१ चि. सौ. कां. श्रुती फायनल नवीन.' मी नावांची यादी एका कमांडकडून घेऊन दुसरीला देत होते, आणि जिथं मोकळी जागा दिसेल तिथं नाव संपलं असं ती दुसरी धरून चालली होती. एका नावाचे तुकडे झाले आणि प्रत्येक तुकड्याची वेगळी फाईल ती शोधत बसली. पिवळ्या खिडकीत लाल ओळी धावायला लागल्या. चि., अशी फाईल नाही. सौ., अशी फाईल नाही. कां., अशी फाईल नाही. श्रुती, अशी फाईल नाही.

नेमके अण्णा मागं उभे. चष्मा वर करून त्यांनी सगळं वाचलं.

"रत्ना, हा कॉम्प्युटर म्हणतो, मला मुलगीच नाही!"

रत्नाक्का मान हलवत म्हणाल्या, "आमच्यात मुलीचं नाव लग्नानंतर बदलतात. हिच्यात आधीच मोडतात."

उपाय सोपा होता. नावं मोकळ्या जागेनं तोडायची नाहीत, कुठल्याच नावात येऊ शकत नाही अशा चिन्हानं तोडायची. मी तो दोन मिनिटांत केला. पण अण्णांच्या मनातून गोष्ट गेली नाही. त्याच दिवशी ठराव झाला, की यापुढे कमांड कुठल्याही फाईलला विचारल्याशिवाय हात लावणार नाही.

* * *

श्रुतीला हा प्रकार सांगितला तर ती हसली नाही. म्हणाली, "मग माझी फाईल खरोखरच नाही असं का करत नाहीस? सगळ्यांवर चालते ना तुझी ओळ? एक वगळून चालव. कुणाला कळणारही नाही."

येतं तसं करता. ओळीत एक उद्गारचिन्ह, म्हणजे 'हे सोडून', घातलं की झालं. पण मी नाही म्हटलं. "चोरून करणार नाही ग. नियम एक, सगळ्यांना तोच. आज तुझ्यासाठी वगळलं तर उद्या कुणी कुणासाठीही वगळेल. तू अण्णांशी बोल."

"बोलले. ते म्हणतात, आधी स्थळं बघू."

"पुन्हा बोल. हे तत्त्वाचं आहे."

"तुझं तत्त्व लोणच्यात घाल," श्रुती म्हणाली. "मुरलं की मला पार्सल कर. पत्ता त्यांचाच असेल, ज्यांच्याकडे मला देतील."

* * *

ठरावाप्रमाणे प्रश्न विचारणारी कमांड सुरू झाली. ही फाईल घेऊ? वाय, म्हणजे होय. ही घेऊ? वाय. रत्नाक्का सकाळी बसल्या, दुपारपर्यंत वाय दाबत होत्या. हळद पुन्हा आली, यावेळी बोटाला.

मला सहन होईना. ज्या कामात माणूस एकदाही 'नाही' म्हणत नाही, त्यात त्याला विचारायचं कशाला? हे मी अण्णांना तीन तऱ्हांनी विचारलं. प्रत्येक वेळी उत्तर एकच, "विचारणं महत्त्वाचं."

मग मी त्यांना कॉम्प्युटरमधली एक खरीखुरी कमांड दाखवली. ती काही करत नाही. नुसती 'वाय, वाय, वाय' म्हणत राहते, थांबवेपर्यंत. ती मागं जोडली की प्रत्येक प्रश्नाला आपोआप होकार.

"अय्यो!" रत्नाक्का म्हणाल्या. "हा तर होयबा!"

अण्णांनी त्या धावणाऱ्या वायकडे बघितलं. "नको. असे चौघे आपल्या कमिटीत आधीच आहेत."

* * *

माझी सगळ्यात लाडकी ओळ सांगते. प्रत्येक बायोडेटात 'वर्ण' म्हणून एक रकाना होता. गोरा, निमगोरा, गहूवर्ण. एका माणसाची किंमत अशी रंगाच्या पट्टीवर लावलेली बघून माझं डोकंच फिरलं. कमिटीत मी टेबलावर हात आपटून भाषण केलं. आणि काय सांगू, एकदम सगळ्यांतून तो काढायचा ठराव पास झाला! बंडूअप्पा म्हणाले, "काढून टाका. यार्डातसुद्धा आता आम्ही रंगावर जात नाही."

सगळा मजकूर मी आधीच एका साच्यात आणून ठेवला होता. एक ओळ लिहिली, आणि तीनेक हजार बायोडेटांतून 'वर्ण' एका दमात गेला. मी त्या दिवशी घरी चालत गेले, इतकी खुशीत होते.

दुसऱ्या दिवसापासून फोन. "आमच्या मुलीचा रंग कुठं गेला?" रत्नाक्का म्हणायच्या, "मंडळाचा ठराव आहे." लोक बरं म्हणून ठेवून द्यायचे. मला वाटलं, जिंकलो. शहाणी आहेत आपली माणसं.

पुढच्या आठवड्यात लोकांनी दुरुस्त्या करून पाठवलेले बायोडेटा यायला लागले. पहिलाच उघडला.

'छंद: वाचन, रांगोळी, गोरी.'

* * *

वयाचं तर विचारूच नका. वय नाव नोंदवताना एकदा लिहायचं, आणि मग ते तिथंच थांबायचं. जन्मतारीख त्याच कागदावर, दोन ओळी वर! मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली, जन्मतारखेवरून आजचं वय काढणारी, आणि सगळ्या फायलींवर चालवली. याचाही तसाच ठराव रीतसर घेतला होता. खरं ते लिहायला विरोध कोण करणार?

सगळ्यांनी केला. एका आईनं तर मला समजावलं. "बाळ, तू हुशार आहेस. पण आमच्या हिचं वय होतं तिथं ठेव. लग्न झालं की वाढव."

अण्णा मात्र पहिल्याच फाईलवर थांबले होते. स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाले, "श्रुती एकोणतीसची झाली?"

"जन्मतारीख तुम्हीच लिहिली आहे, अण्णा. आधी सव्वीस होतं."

"होय की. मीच लिहिलं होतं." त्यांनी बोट उचललं. स्क्रीनवर ठसा तसाच राहिला. मग, कशाचा कशाशी संबंध नसताना, विचारलं, "तिकडं ज्वारी मिळते का ग? तुमच्या गुवाहाटीला?"

"नाही, अण्णा. तिकडं भात."

"मग तू काय खाल्लंस एवढी वर्षं?"

"भात."

"आणि चाललं?"

"चाललं की."

"हं," अण्णा म्हणाले आणि पंखा बंद करून गेले. ठरावाशिवाय!

* * *

मेळाव्याच्या आदल्या शनिवारी दुपारी शेवटचं काम होतं, सगळे बायोडेटा सगळ्या घरांना मेलनं पाठवायचे. एकदा गेले की गेले. श्रुतीचा सकाळीच मेसेज होता, "पाठवताय ना आज? असू दे. नियम एक, सगळ्यांना तोच." मी उत्तर लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. पाठवलं नाही.

ओळ ठरावाप्रमाणे प्रश्न विचारणारी होती. मी एंटर दाबलं. पिवळ्या खिडकीत लाल अक्षरांत पहिला प्रश्न आला. '००१ चि. सौ. कां. श्रुती फायनल नवीन. पाठवू?'

रत्नाक्कांनी हळदीचं बोट वायवर ठेवलं.

"थांब, रत्ना," अण्णा म्हणाले. "ऊठ जरा."

रत्नाक्का उठल्या. कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत अण्णांना मी तोवर कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला. कीबोर्डवर डावीकडून उजवीकडे एकेक अक्षर वाचत बोट नेलं, खालच्या ओळीत थांबवलं आणि दाबलं. एन. मग मला विचारलं, "एंटर यातलं कुठलं?"

मी दाखवलं. त्यांनी दाबलं.

खिडकीत पुढचा प्रश्न आला. '००२. पाठवू?'

बंडूअप्पा काहीतरी बोलणार होते, पण रत्नाक्कांनी त्यांच्यापुढं चहाचा कप धरला. अण्णा खुर्चीतून उठले, दारापाशी गेले आणि चपला पायांनी चाचपत, आमच्याकडे न बघता म्हणाले,

"बाकीच्यांना तो होयबा लाव."