मनाईच्या पुलावर उज्ज्वला

उज्ज्वला लग्न होऊन शिरपूरकडच्या खेड्यातून सुरतेला आली तेव्हा तिला सायकल येत नव्हती. नवरा वाल्मिक लूमवर कामाला. त्यानेच तिला डिंडोलीच्या मोकळ्या मैदानात सायकल शिकवली. पुढे रेल्वेलाइनीपलीकडच्या एका कारखान्यात तिला साड्यांवर खडे चिकटवायचं काम मिळालं. सासू, धुरपदाबाई, तिथेच साड्यांच्या घड्या घालायची. डबे, पिशव्या सायकलला अडकवून दोघी बरोबर निघायच्या.

पूर्वी मध्ये फाटक होतं. रुळांवरून नवा पूल झाला आणि फाटक कायमचं बंद झालं. पुलाच्या तोंडाशी पाटी लागली, सायकलींना आणि पायी जाणाऱ्यांना मनाई. दुसरी वाट लांबच्या गरनाळ्यातून, म्हणजे रुळांखालच्या बोगद्यातून, आणि तिथे कायम गटाराचं पाणी. म्हणून सगळे रुळांकडेच्या भिंतीच्या भगदाडातून शिरून रूळ ओलांडायचे.

त्या सकाळी धुकं होतं. उज्ज्वला सायकल उचलून पुढे, धुरपदाबाई मागे. अचानक रेल्वेगाडीचा भोंगा वाजला. उज्ज्वलाने वळून पाहिलं तर सासू रुळातच वाकलेली, चप्पल खडीत अडकलेली.

"आत्या, चप्पल सोडा!"

पण म्हातारी जागची हलेना. उज्ज्वलाने सायकल तिथेच टाकली, सासूचा दंड धरला आणि सगळा जीव एकवटून ओढलं. दोघी खडीवर आपटल्या. कानाशी लोखंड कडाडलं. गाडी गेल्यावर पाहिलं, तर सायकलीचा नुसता चुराडा झाला होता.

धुरपदाबाई त्यानंतर घराबाहेर पडेना. "माले आते पटरीवर जावानं नही," एवढंच म्हणायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. झोपेत दचकून उठायची.

एके दिवशी उज्ज्वलाने वाल्मिकची सायकल बाहेर काढली. "आत्या, चला. आज पुलावरून जायचं."

"वेडी झालीस का?" वाल्मिक दारात आडवा आला. "पोलिसांनी धरलं तर?"

"धरू देत. ते बोलतील तरी. गाडी बोलत नाही."

तो बाजूला झाला.

दोघी पुलाच्या चढाला लागल्या. सासू कठड्याच्या बाजूला, सायकल मध्ये, बाहेरून ती स्वतः. ट्रक इतक्या जवळून जात की पदर फडफडे. मागून हॉर्नचा कल्लोळ. कुणीतरी काच खाली करून शिवी घातली. धुरपदाबाईने सायकलीचं कॅरिअर घट्ट धरलेलं. "परत फिरूत का?" तिने विचारलं. उज्ज्वलाने नाही म्हणून मान हलवली आणि सायकल पुढे रेटली.

पूल उतरताना पोलीस हात आडवा करून उभा होता. "ए बेन, बोर्ड पढना नहीं आता? मरना है क्या?"

"मरायचं नाही म्हणून तर वरून आलो, साहेब," ती म्हणाली. "माझी सासू खाली गाडीखाली येत होती. गरनाळ्यात पाणी आहे. तुम्हीच सांगा, कुठून जायचं?"

"वो मुझे नहीं मालूम. वापस जाओ."

"वापस कुठून? याच पुलावरून ना?"

तेवढ्यात त्याची नजर तिच्या मागे गेली. कारखान्यातली सुंदरा, लीला आणि आणखी कितीतरी बाया कठड्याला धरून, एकीमागे एक, उतरत होत्या. रोज भगदाडातून जाणाऱ्या त्या, आज हिला चढताना पाहून मागोमाग आल्या होत्या. त्यांच्या मागे गाड्या तुंबल्या होत्या. पोलिसाने कपाळावर हात मारला आणि शिट्टी फुंकत ट्रकना उजवीकडे घ्यायला लावलं. बाया सुखरूप उतरल्या.

दुसऱ्या दिवशीही त्या गेल्या. एकदा त्यांना चौकीवर बसवून ठेवलं, आणि अर्ध्या दिवसाचं काम बुडालं. वाल्मिक आणि लूमवरचे लोक चौकीबाहेर येऊन उभे राहिले. शेवटी महापालिकेचे साहेब लोक पाहणीला पुलावर आले, आणि काही महिन्यांनी डाव्या कडेला लोखंडी कठड्यांची चिंचोळी वाट झाली. पाटीवरची सायकलची आणि पायी माणसाची चित्रं खरवडून टाकली.

पहिल्या दिवशी धुरपदाबाई त्या वाटेवर मध्येच थांबली, दम खाल्ला, आणि मागून येणाऱ्यांना म्हणाली, "पुढे व्हा, माले घाई नही."

ही वाट फक्त जायची, परतीच्या बाजूला अजून वाट नाही. संध्याकाळी ट्रक तसेच अंगावर येतात. ती कधी होणार, असं उज्ज्वला रोज त्या पोलिसाला विचारते, आणि तो रोज म्हणतो, "ऊपर साहब को लिखा है, बेन." तोवर कारखाना सुटायच्या वेळी तो स्वतः पुलावर येऊन, ट्रकसमोर हात पसरून उभा राहतो.