कूलर होता ती जागा

मे महिन्यात आमच्याकडे कुत्र्याचं पिल्लू आलं आणि त्याला बसायला शिकवायचं काम मी अंगावर घेतलं. हॉलमध्ये कूलरपुढे उभं राहून मी ‘सिट’ म्हणायचो, ते बसायचं, मी बिस्किट द्यायचो. इतकं सोपं असताना लोक शिकवणीला पैसे काय म्हणून देतात, कळेना.

एका दुपारी लाइन गेली, कूलर थांबला. पिल्लू उठून थेट मोरीत जाऊन पसरलं. मी ‘सिट, सिट’ ओरडत राहिलो. त्याने कानही हलवला नाही.

“कूलरपुढं थंड लागते म्हणून बसते तो,” आई म्हणाली. “तू काहून उगाच बिस्किटं चारून राहिला त्याले?”

मला रागच आला. पण आईचं खरं असेल का, हा किडा डोक्यात वळवळत राहिला.

पावसाळ्यात कूलर गच्चीवर गेला. हॉलच्या फरशीवर त्याच्या स्टँडचे गंजाचे चार डाग तेवढे उरले. मी पिल्लाला मुद्दाम स्वयंपाकघरात नेलं आणि ‘सिट’ म्हटलं. ते पळत हॉलमध्ये गेलं, त्या डागांपुढे बसलं आणि मान वर करून बिस्किटाची वाट पाहू लागलं. तिथे आता वारा नव्हता, गारवा नव्हता.

म्हणजे आईही चुकली होती. पिल्लू मात्र मी शिकवलं तेच करत होतं.

आता पाहुणे आले की आधी मीच त्या डागांपाशी जाऊन उभा राहतो, मग ‘सिट’ म्हणतो.