आठाच्या आकड्यावरचे दोन घाव

नोकरीत शेकडो प्रकरणं हाताखालून गेली आणि बहुतेक विसरलोही. पण ती फिकट पिवळी गाडी अजून दिसते. दुपारी जेवून डोळा लागला की येते, हळदीच्या दुधाच्या रंगाची, आवाज न करता, आणि माझ्यासमोर येऊन थांबते.

मी तेव्हा पूर्व उपनगरातल्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. हिवाळ्यातली दुपार होती. ठाणे अंमलदार स्टेशन डायरी लिहीत होते, तेवढ्यात फोन वाजला आणि त्यांनी तो मला दिला. पलीकडे एक बाई होती. नाव सांगायला तयार नव्हती. तोंडावर पदर धरल्यासारखा दबका आवाज होता. ती म्हणाली, मुलुंडला अमुक वसाहतीच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये एक जुनी परदेशी गाडी आहे, तिच्यावरचा नंबर खोटा आहे, हातानं ठोकलेला आहे.

"आठाच्या आकड्यावर दोन घाव पडलेत, साहेब. बघा तुम्ही." एवढं बोलून तिनं फोन ठेवला.

खबर साधारण दोन प्रकारची असते. एक ऐकीव आणि दुसरी डोळ्यांनी पाहिलेली. ही दुसऱ्या प्रकारची होती. डायरीला नोंद घेतली, एक हवालदार आणि दोन पंच सोबत घेतले आणि निघालो.

शेडमध्ये बासष्ट-त्रेसष्ट वर्षांचे एक गृहस्थ बाकावर बसून एक छोटा लोखंडी दांडा कानशीनं घासत होते. मूळचे मालवणकडचे. आधी गिरणीच्या वर्कशॉपमध्ये, मग एका कारखान्याच्या टूलरूममध्ये आयुष्य गेलेलं. मला पाहून ते उठले, हात पुसले आणि विचारायच्या आत गाडीचं बॉनेट उघडून दिलं.

गाडी युरोपियन बनावटीची छोटी हॅचबॅक होती, वीस वर्षांच्या आसपासची. ती बनवणाऱ्यांनी हे मॉडेल इथे विकणं कधीच बंद केलेलं. पत्र्याच्या भोकांतून ऊन आत येत होतं आणि तिच्या टपावर कवडसे पडले होते. मी वाकून चॅसिस नंबर पाहिला. आकडे सुबक होते, पण कारखान्याचे नव्हते. आठावर खरंच दोन घाव होते. इंजिनाचा नंबर आरसी बुकाशी जुळत नव्हता. हवालदार माझ्या कानाशी म्हणाला, "साहेब, चोरीचीच आहे. दुसऱ्या गाडीचे कागद हिला लावलेत."

मलाही तेच वाटलं. पंचनामा केला, गाडी जप्त केली आणि त्या गृहस्थांना चौकशीसाठी ठाण्यात आणलं.

त्यांनी काहीच लपवलं नाही. मुलीसाठी गाडी घेतली, म्हणाले. मुलगी तीस वर्षांची. चार वर्षांपूर्वी स्कूटरवरून पडली, तेव्हापासून कमरेखाली जोर नाही. आता अंधेरीच्या एका शाळेत तिला शिक्षिकेची नोकरी लागत होती. शाळेनं पुढच्या महिन्यापर्यंत जागा ठेवली होती. चाकांची खुर्ची दिसली की रिक्षावाले पुढे निघून जात. ट्रॉम्बेच्या एका निवृत्त शास्त्रज्ञाची ही गाडी स्वस्तात मिळाली. ती कित्येक वर्षं माहुलच्या बाजूला खाडीच्या खाऱ्या वाऱ्यात उभी होती. इंजिन मेलेलं. तसंच इंजिन त्यांनी महिनाभर फिरून भंगार बाजारातून शोधून आणलं, त्याची पावतीही होती. मग पायांत जोर नसलेल्या माणसाला चालवता येईल अशी गाडी ते घडवायला बसले. स्टिअरिंगपाशी एक दांडा. पुढे ढकलला की ब्रेक, खाली दाबला की वेग. क्लचची तार गिअरपाशी आणलेली.

मी विचारलं, "आणि चॅसिस नंबर?"

"तो मीच ठोकला," ते शांतपणे म्हणाले. "गंजानं खाल्ला होता. वाचताच येईना. आरटीओत तपासणीला न्यायची तर नंबर दिसायला हवा ना? कागदावर होता तोच ठोकला."

"आठावर दोन घाव कसे पडले?"

हा प्रश्न मी सहज विचारला होता. पण त्यांचा चेहरा पाहता पाहता बदलला.

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

मी उलट नंबर ठोकताना सोबत कोण होतं ते विचारलं. तिथून पुढे ते एक शब्द बोलले नाहीत. दोन तास मी निरनिराळ्या बाजूंनी विचारत राहिलो आणि ते टेबलावरच्या माझ्या टोपीकडे बघत बसले. स्वतःला वाचवण्यासाठी गप्प बसणारा माणूस सारखा पाणी मागतो, दाराकडे बघतो. हे तसं नव्हतं. या माणसानं स्वतःचा गुन्हा पहिल्या पाच मिनिटांत कबूल केला होता. आता तो दुसऱ्या कोणाला तरी झाकत होता.

त्यांना संध्याकाळपूर्वी घरी जाऊ दिलं आणि नंबर तपासायला न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेला पत्र दिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिथले तज्ज्ञ ठाण्याच्या आवारात आले. अशी तपासणी मी अनेकदा पाहिली होती, पण त्या दिवसासारखी नाही. त्यांनी पत्रा घासून आरशासारखा केला आणि कापसानं आम्ल लावलं. लोखंडाला घाव विसरता येत नाही, ते म्हणाले. वरचा आकडा गेला तरी खालचा धातू दबलेलाच राहतो. आम्ही वाकून बघत राहिलो. आवारातल्या पिंपळाची सावली पत्र्यावर हलत होती. त्या सावलीत, पाण्याच्या तळातून काहीतरी वर यावं तसे आकडे उमटायला लागले. फिकट, थोडे उजवीकडे सरकलेले. तज्ज्ञ एकेक वाचत होते आणि मी आरसी बुकावर बोट ठेवून जुळवत होतो. सतराच्या सतरा जुळले. क्षणभर दोन्ही नंबर एकमेकांशेजारी दिसले, मग जुने विरून गेले. फोटो तेवढ्यात काढून झाला होता.

म्हणजे गंजानं खाल्लेला खरा नंबरच त्या माणसानं पुन्हा ठोकला होता. चोरी नव्हती. पण मग खबर देणारी कोण, आणि तिला ते दोन घाव कसे ठाऊक?

उत्तर मला बहुधा कळलं होतं. तरी त्याच दुपारी एकटाच मुलुंडला गेलो. तळमजल्यावरचं घर. मुलगी खुर्चीत बसून वह्या चाळत होती. तिनं मला फक्त एवढंच विचारलं, की गाडी कधी सुटेल. तेवढ्यात आतून आई पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि "घ्या, साहेब" म्हणाली. दोनच शब्द, पण आवाज तोच.

मी पाणी प्यालो आणि उठलो. त्या दारापर्यंत आल्या. मी हळूच म्हणालो, "बॅटरीचा उजेड तुम्हीच धरला होता ना, नंबर ठोकताना?"

त्यांनी मान हलवली. "माझो हात हललो. उजेड सरकलो, म्हणून दोनदा बसलो घाव." मग दाराची चौकट धरून त्या बोलत राहिल्या. चार वर्षांपूर्वी त्यांनीच मुलीला दोन नारळ आणायला स्कूटरवर पाठवलं होतं. आता ती पुन्हा रस्त्यावर जाणार, तीही हातानं चालवायच्या गाडीतून. नवऱ्याला सांगून झालं, देवाला सांगून झालं. "माका वाटला, तुम्ही गाडी घेवन जाशात आणि सगळा थांबात. ह्यांका धरून व्हरशात ह्या माका खय म्हायत?"

मी म्हणालो, खबर देणाऱ्याचं नाव आम्ही कोणाला सांगत नाही. हे नाव कोणाला सांगायचं ते तुम्हीच ठरवा.

त्यांनी त्याच संध्याकाळी मुलीला सांगितलं. हे मला पुढे मुलीनंच सांगितलं. ती रडली नाही, ओरडलीही नाही. आईला म्हणाली, "मला पण भीती वाटते गं. तू मला एकदा विचारायचं होतंस." वडील तेव्हा स्वयंपाकघरात उभे होते. त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ठाण्यातून घरी आल्यावरही त्यांनी बायकोला एका शब्दानं विचारलं नव्हतं.

मी अहवाल लिहिला आणि वरिष्ठांसमोर ठेवला. चोरीचा संशय निराधार, नंबर परवानगीशिवाय ठोकला ही चूक, पण त्यात फसवणुकीचा हेतू दिसत नाही. समज देऊन गाडी परत दिली. मोटार वाहन निरीक्षकांची गाठ मीच घालून दिली. गंजलेला नंबर परत ठोकून घ्यायला साधा अर्ज असतो, इंजिन बदलल्याची नोंद करता येते, दिव्यांगांसाठी गाडीत बदल करायलाही मंजुरी मिळते. हे सगळं होतं. त्या घरात कोणी कधी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलं नव्हतं, कारण विचारलं तर नाही म्हणतील, असं ते धरूनच चालले होते.

एक गोष्ट मात्र निरीक्षकांनी मान्य केली नाही. घरी बनवलेला दांडा. काम उत्तम आहे, म्हणाले, पण ब्रेकचा प्रश्न आहे, प्रमाणित संचच लागेल. तो माणूस आठ महिने त्या दांड्यावर खपला होता. त्यानं वाद घातला नाही. पाना मागितला आणि आरटीओच्या मैदानावरच, उन्हात बसून, स्वतःच्या हातानं तो दांडा उतरवला. मोटार वाहन निरीक्षक आणि मी दुसरीकडे बघत उभे राहिलो.

या सगळ्यात महिना उलटून गेला. शाळेनं आणखी पंधरा दिवस थांबायचं कबूल केलं. प्रमाणित संच बसवला, चाचणी झाली, आरसी बुकावर नोंदी चढल्या, लायसन्सही झालं. एका सकाळी गाडी ठाण्याच्या फाटकापाशी येऊन थांबली. मुलगी चालवत होती, वडील मागे, आई पुढे. आईनं दोन्ही हातांनी पट्टा घट्ट धरला होता आणि डोळे मिटले होते. पुढे आरेचा रस्ता लागेल, झाडी बघायला तरी डोळे उघडा, असं मी म्हटलं. त्या डोळे न उघडताच म्हणाल्या, "उघडतलंय. आरे येवंदे आधी."

गाडी वळली आणि हिवाळ्याच्या धुरकट उन्हात विरघळत गेली.

आयुष्यभर मी खबर कोणी दिली हे शोधताना वैर, मत्सर, बक्षीस, सूड असंच शोधत आलो होतो. माया कधी त्या यादीत धरली नव्हती. माणूस ज्याच्यावर जीव टाकतो त्याची वाट अडवायला तो पोलिसांनासुद्धा बोलावतो, आणि त्याला त्यात काही चूक दिसत नाही.

माझी मुलगी तेव्हा बंगळूरला नोकरीसाठी जायचं म्हणत होती. मी वर्षभर कारणं काढत होतो. शहर अनोळखी, भाषा वेगळी, पगार कमी. त्या संध्याकाळी घरी गेलो, वर्दीही न उतरवता तिच्यासमोर बसलो आणि जा म्हणालो. मग तिनं विचारलं, "बाबा, तुम्हाला भीती वाटत होती का?"

जबाब घेण्यात माझी हयात गेली होती. त्या दिवशी पहिल्यांदा मी तो दिला. हो म्हणालो.