माझा शुक्रवार

आमच्या समाजशास्त्र विभागात दर शुक्रवारी दुपारी चर्चासत्र असतं. कुणीतरी निबंध वाचायचा, बाकीच्यांनी ऐकायचं, मग चर्चा. निदान बॅनरवर तरी असंच छापलेलं असतं. प्रत्यक्षात सगळ्यात आधी फोटो काढतात. पाहुणा, पुष्पगुच्छ, बॅनर आणि मागे दोन रांगा भरून मुलं. फोटोत ठिकाण आणि वेळ उमटली पाहिजे, कारण तपासणीला येणारी समिती तेवढंच बघते. फोटो झाला की चर्चासत्र झालं. पुढचं बोलणं म्हणजे वरातीमागून घोडं.

मी तिथे तासिका तत्त्वावर शिकवते. म्हणजे तास घेतला तर मानधन, सुट्टी लागली की ठणठण गोपाळ. दारावरच्या पाटीवर सहायक प्राध्यापक लिहिलंय. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. चर्चासत्राच्या खुर्च्या मी लावते, माइक मी तपासते, पाहुण्याची शाल वर्तकनगरच्या दुकानातून मी आणते. वृत्तांतही मीच लिहिते, तोही गुरुवारी, कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी. 'उद्बोधक चर्चा झाली' हे वाक्य मी झोपेतही लिहीन.

गेल्या वर्षी विभागप्रमुख एकदम म्हणाले, "मॅडम, पुढचा शुक्रवार तुमचा."

माझा विषय मिठागरातल्या बायका. खाडीकाठच्या आमच्या गावातल्या. माझी आई त्यातलीच एक. मिठाच्या पाण्याने तिच्या टाचांना पडलेल्या चिरा अजून बुजलेल्या नाहीत. त्या कामावर तिने मला शिकवलं आणि गावभर सांगितलं, पोर प्रोफेसर हाय. पण प्रोफेसर म्हणजे नक्की काय करतो, हे कुणी विचारलं की ती गप्प बसायची. मलाही कधीकधी विचारायची, "बाय, तू तिकरं दिसभर काय करतेस गो?" मी म्हणायचे, शिकवते. तिला ते दिसत नव्हतं. एकदा तरी तिने मला उभं राहून बोलताना पाहावं, आणि लोक ऐकतायत हेही पाहावं, एवढीच माझी इच्छा होती. मी तिला म्हटलं, आय, या शुक्रवारी तू चल.

ती ठेवणीतलं लुगडं नेसून आली. मी विभागप्रमुखांशी तिची ओळख करून दिली आणि तिला पहिल्या रांगेत बसवलं. मला वाटलं होतं, आज तरी खुर्च्या दुसरं कुणी लावेल. सहकारी म्हणाले, "तुम्हाला सवय आहे ना." शिपाई रजेवर होता, म्हणून चहाचा ट्रेही माझ्याच हातात आला. आईने माझ्याच हातून कप घेतला, बशी सावरली आणि माझ्याकडे बघत राहिली.

फोटो झाला. निम्मी मुलं उठली. अध्यक्ष म्हणून निवृत्त प्राध्यापक बोलावले होते. त्यांना डोंबिवलीला लवकर परतायचं होतं, म्हणून अध्यक्षीय समारोप आधी घ्यायचं ठरलं. ज्या निबंधाचा समारोप करायचा तो माझ्या हातात घडीसुद्धा न उलगडलेला. पण गृहस्थ बोलले, मनसोक्त बोलले. स्वतःच्या परदेशी शिष्यवृत्तीबद्दल बोलले. मी मान डोलावत होते.

ते बसले, आणि मी उठणार तोच विभागप्रमुखांचं लक्ष आईकडे गेलं. "अरे वा, साक्षात मिठागरातल्या ताई आपल्यात आहेत! आई, तिथलं एखादं गाणं होऊ दे."

आई भांबावली. "मी ऐकाला आलंय, साहेब," ती म्हणाली. पण मुलांनी टाळ्या धरल्या. तिने माझ्याकडे पाहिलं. नाही म्हटलं तर पोरीची नोकरी जाईल, असं तिला वाटलं असणार. ती उभी राहिली आणि गायली. इतका वेळ मांडीवर असलेले मोबाइल एकदम वर आले. अध्यक्षांनी आपल्याला मिळालेली शाल मोठ्या मनाने तिच्या खांद्यावर घातली, आणि मला पुन्हा एक फोटो काढावा लागला.

तेवढ्यात अर्थशास्त्रवाले दारात येऊन उभे राहिले. पुढच्या तासाला सभागृह त्यांचं होतं. "मॅडम," विभागप्रमुख घड्याळ बघत म्हणाले, "तुमचा निबंध वाचला असं समजू या. आईंनी सगळं सांगितलंच की. तुमच्याशिवाय इथलं पान हलत नाही बघा."

मी खुर्च्या आवरल्या. तोंडातून शब्द फुटला असता तर शिवीच फुटली असती.

रिक्षात आई शाल मांडीवर घेऊन बसली होती. तिने विचारलं, "तुजा भाषन कवा हाय गो?"

"झालं," मी म्हटलं.

गल्लीत शिरलो तर शेजारची काकी ओट्यावरच बसलेली. शाल बघून तिने विचारलं, "कनं गेलतंव गो?"

आई थांबली. या वेळी ती गप्प बसली नाही. अगदी ताठ मानेने म्हणाली, "पोरीच्या कालेजात. आमची बाय तिकरं सगल्यांना चाय देते, खुर्च्या लावते, फोटू कारते. साहेब बोलला, हिच्याबिगर पान हालत न्हाय."